सही कोण करणार?

बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसासमोर कुणी ड्राफ्ट हा शब्द उच्चारला, तर त्याला डिमांड ड्राफ्टच आठवणार. अक्षरी लिहिलेली रक्कम आणि खाली दोन अधिकाऱ्यांच्या सह्या. त्यामुळे अमेरिकेत पिट्सबर्गला मुलीकडे गेलो असताना बारा वर्षांचा नातू जेवता जेवता ड्राफ्टबद्दल तावातावानं बोलू लागला, तेव्हा पोरगं आजोबांच्या वळणावर गेलं म्हणून मी क्षणभर सुखावलो. पण त्याचा ड्राफ्ट निराळा होता. कॉलेजात नाव काढलेल्या बास्केटबॉलपटूंना तिथले व्यावसायिक संघ दरवर्षी पाळीपाळीनं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. मागच्या हंगामात ज्यांची कामगिरी वाईट, त्यांना आधी निवडण्याची संधी. कोणत्या कॉलेजचा सेंटर कितव्या क्रमांकावर उचलला जाईल, याची यादीच नातवानं वहीत केली होती. सेंटर म्हणजे बहुधा संघातला सर्वांत उंच गडी, बास्केटखाली पाय रोवून उभा राहणारा. त्याची उंची, वजन, हातांची लांबी, सगळं वहीत होतं. आपल्याकडे आंब्याची पेटी घेताना गिऱ्हाईक फळ दाबून, हुंगून बघतं, तसाच हा प्रकार.

कर्जाचे अर्ज तपासण्यात माझा जन्म गेला. समोरचा माणूस पुढे कसा निघेल याचा अंदाज बांधणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. तो अंदाज किती चुकतो हेही ठाऊक आहे. म्हणून कुतूहल वाटलं आणि मुलीच्या घराजवळच्या वाचनालयात मी या खेळाची जुनी पुस्तकं चाळू लागलो. तिथं मला मॉरिस स्टोक्स भेटला.

हा मुलगा पिट्सबर्गच्याच परिसरातला. १७ जून १९३३ रोजी रँकिन या पोलादाच्या गावात त्याचा जन्म झाला. वडील पोलादाच्या कारखान्यात कामगार, आई लोकांच्या घरी कामं करणारी. कुटुंब कृष्णवर्णीय. मॉरिस आठ वर्षांचा असताना हे कुटुंब पिट्सबर्गच्या होमवूड वस्तीत आलं आणि तो पुढे वेस्टिंगहाउस हायस्कूलमध्ये शिकला. व्यावसायिक संघानं ड्राफ्टमध्ये निवडलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू चक कूपर, तोही याच शाळेचा. कूपरची निवड झाली १९५० मध्ये, आणि त्याच वर्षी व पुढच्या वर्षी स्टोक्सच्या शाळेनं शहराचं अजिंक्यपद मिळवलं. म्हणजे ज्या वयात मुलं पुढे काय व्हायचं ते ठरवतात, नेमक्या त्याच वयात त्याच्यासमोर एक दार किलकिलं झालं होतं.

मोठ्या विद्यापीठात न जाता तो गेला पेनसिल्व्हेनियातल्याच लोरेटो गावच्या सेंट फ्रान्सिस कॉलेजात. डोंगरातलं छोटंसं गाव, फ्रान्सिस्कन साधूंनी चालवलेलं छोटंसं कॉलेज. उंची सहा फूट सात इंच, वजन शंभर किलोच्या वर, आणि तरीही चेंडू हाताळण्यात बुटक्या, चपळ खेळाडूची सफाई. बास्केट हुकली की चेंडू कड्यावर आपटून उसळतो. तो हवेत झेलून ताब्यात घेणं म्हणजे रिबाउंड, आणि सेंटरची खरी कमाई तीच. स्टोक्सनं कॉलेजच्या चार वर्षांत २,२८२ गुण केले आणि १,८१९ रिबाउंड घेतले.

तरीही छोट्या कॉलेजातल्या आकड्यांवर भरवसा ठेवायचा किती, असा प्रश्न व्यावसायिक संघांना पडतोच. आमच्याकडे तालुक्याच्या गावचा अर्ज आला की मुख्य कार्यालय चष्मा पुसून पुन्हा वाचायचं, तसंच. त्याचं उत्तर स्टोक्सनं १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय निमंत्रितांच्या स्पर्धेत दिलं. डेटनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यानं ४३ गुण केले. सामना जादा वेळेत गेला आणि सेंट फ्रान्सिस हरलं. तिसऱ्या क्रमांकाचा सामनाही सिनसिनाटी विद्यापीठाशी हरलं. संघ चौथा आला, पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती स्टोक्सची! सिनसिनाटीच्या संघात जॅक ट्वायमन नावाचा एक गोरा मुलगा होता. तोही मूळचा पिट्सबर्गचा. त्याचं नाव लक्षात ठेवायला हवं.

त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवड झाली पिट्सबर्गच्याच ड्युकेन विद्यापीठाच्या डिक रिकेट्सची. दुसऱ्या क्रमांकावर रॉचेस्टर रॉयल्स या संघानं स्टोक्सला घेतलं. त्याच संघानं दुसऱ्या फेरीत ट्वायमनला घेतलं. स्टोक्सनं पहिल्याच सामन्यात ३२ गुण आणि २० रिबाउंड घेतले. हंगामाअखेर सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान त्याला मिळाला. दुसऱ्या हंगामात १,२५६ रिबाउंडचा विक्रम केला. तीन हंगामांत मिळून ३,४९२ रिबाउंड, म्हणजे त्या काळातल्या कुणाहीपेक्षा जास्त. आणि सहकाऱ्यांना गुण मिळवून देणारे पास देण्यात त्याच्यापुढे होता फक्त बॉस्टनचा बॉब कूझी. कूझी पडला चेंडू खेळवणारा गार्ड. बास्केटखाली झुंजणाऱ्या धिप्पाड गड्यानं त्याच्या खालोखाल असावं, हे तेव्हा नवलाचंच होतं.

त्याचं मोल किती मानलं जात होतं पाहा. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड रॉचेस्टरच्या हाती होती आणि बिल रसेल समोर होता. रसेल मागत असलेला पैसा मोठा होता, आणि रिबाउंड घ्यायला आपल्याकडे स्टोक्स आहेच, असा हिशेब रॉचेस्टरनं केला आणि ड्युकेनच्या सिहुगो ग्रीनला निवडलं. रसेल अखेर बॉस्टनला गेला आणि तेरा वर्षांत त्यानं अकरा अजिंक्यपदं मिळवून दिली. आज रॉचेस्टरच्या या निर्णयाला हसणं सोपं आहे. पण त्या दिवशी ताळेबंद पाहणाऱ्याला तो अगदीच चुकीचा दिसला नसता.

१९५७ मध्ये संघ रॉचेस्टरहून सिनसिनाटीला हलला. १२ मार्च १९५८ रोजी मिनियापोलिसला साखळीतला शेवटचा सामना होता. बास्केटकडे झेपावताना स्टोक्सची टक्कर झाली, तो पडला आणि डोकं जमिनीवर आपटलं. तो बेशुद्ध झाला. नाकाशी उग्र वासाचं औषध धरून त्याला शुद्धीवर आणलं गेलं आणि तो पुन्हा खेळायला उतरला! आज डोक्याला असा मार बसला तर डॉक्टरच्या परवानगीशिवाय खेळाडूला मैदानात पाऊल टाकता येत नाही. तेव्हा तसा नियम नव्हता. तीन दिवसांनी डेट्रॉइटला बाद फेरीच्या सामन्यातही तो खेळला. परतीच्या विमानात त्याची प्रकृती ढासळली, झटके आले. सिनसिनाटीचा विमानतळ नदीपल्याड केंटकी राज्यात आहे, तिथल्याच रुग्णालयात त्याला नेलं. आठवड्यांनंतर तो शुद्धीवर आला तेव्हा शरीर लुळं पडलं होतं, बोलता येत नव्हतं. पण मन शाबूत होतं. त्याला सगळं कळत होतं. वय वर्षं चोवीस.

इथवर वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. कारण पुढचा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. बँकेत त्याच्या नावावर पैसे होते, पण ते काढायला त्याची सही लागत होती आणि सही करणारा हात हलत नव्हता. रुग्णालयाची बिलं मात्र रोज वाढत होती. संघांकडे तेव्हा ना खेळाडूंचं निवृत्तिवेतन होतं, ना असल्या संकटाला पुरेल असा विमा.

मी एका छोट्या गावच्या शाखेत असताना मार्चअखेरीस एक बाई धनादेश घेऊन आल्या होत्या. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आलेला. धनादेशावरची सही म्हणजे नुसती ओढलेली रेघ, नमुन्याशी जुळणं शक्यच नव्हतं. मी तो परत केला. नियमानं मी बरोबर होतो. पण बँकेच्या माणसानं घरी जाऊन दोन साक्षीदारांसमोर अंगठा घ्यावा, ही सोयही नियमातच होती. वार्षिक हिशेबाची गडबड होती. मी गेलो पाचव्या दिवशी. तोवर त्यांनी शेजाऱ्यांकडून उसने पैसे घेतले होते. मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, उलट चहा घेणार का म्हणून विचारलं. तो चहा मला अजून आठवतो.

स्टोक्सच्या बाबतीत पाच दिवस थांबला नाही तो जॅक ट्वायमन. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. नुकता संसार मांडलेला. स्टोक्सशी ना रक्ताचं नातं, ना रंगाचं. आणि १९५८ च्या अमेरिकेत रंगाचा प्रश्न लहान नव्हता. स्टोक्सचे आईवडील दूर पिट्सबर्गला, त्यांची ऐपत बेताची. कुणीतरी कायदेशीर पालक होऊन व्यवहार हातात घेणं भाग होतं. ट्वायमननं न्यायालयातून ती जबाबदारी घेतली. खेळ नसलेल्या महिन्यांत तो विमा कंपनीत काम करत असे, त्यामुळे अर्ज, दावे, मुदती या गोष्टींना तो बिचकणारा नव्हता. खेळाडू हाही कामगारच आणि सामन्यातली दुखापत ही कामावरचीच दुखापत, असा दावा करून त्यानं ओहायो राज्याच्या कामगार भरपाई योजनेतून स्टोक्सला पैसे मिळवून दिले.

तेवढ्यानं भागणार नव्हतं. न्यूयॉर्कजवळच्या डोंगरात कटशर्स नावाचं एक मोठं हॉटेल होतं. तिथं दर उन्हाळ्यात स्टोक्सच्या मदतीसाठी प्रदर्शनीय सामना होऊ लागला आणि त्या काळचे नामवंत खेळाडू तिथं खेळायला येऊ लागले. विल्ट चेंबरलेनसारखा महाकाय सेंटरही त्यात होता. एरवी एकमेकांना धक्के मारणारे हे गडी एका खाटेवरच्या माणसासाठी एकत्र येत. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टनच्या एका मोठ्या सामन्याआधी खेळाडूंनी निवृत्तिवेतनाचं आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरायचं नाकारलं आणि ते मिळवलं. स्टोक्सची अवस्था त्यांनी सहा वर्षं डोळ्यांनी पाहिलेली होती.

ट्वायमन स्वतः काही कमी खेळाडू नव्हता. १९५९-६० च्या हंगामात त्यानं सामन्यामागे सरासरी ३१ हून जास्त गुण केले. तो खेळ, नोकरी, मुलंबाळं आणि शिवाय रुग्णालय. सुरुवातीला दोघांचं बोलणं चालायचं ते असं, की ट्वायमन एकेक मुळाक्षर उच्चारायचा आणि हवं ते अक्षर आलं की स्टोक्स पापणी मिटायचा. एक वाक्य जुळवायला किती वेळ लागत असेल! पुढे रोज कित्येक तास व्यायाम करून स्टोक्स थोडंफार बोलू लागला, आधारानं काही पावलं टाकू लागला, टंकलेखन यंत्रावर बोटं चालवू लागला. एकेकाळी एका सामन्यात ३८ रिबाउंड घेणारे ते हात एकेक अक्षर शोधत होते. त्याची विनोदबुद्धी आणि उमेद शेवटपर्यंत टिकली, असं त्याला भेटलेले लोक सांगत. ते खरं असेलही. पण भेटायला आलेल्या माणसाला हसून निरोप देणं हेही त्यानं आपलं कर्तव्य मानलं असेल, असं माझ्यातल्या कादंबरीकाराला वाटतं.

बारा वर्षं हे चाललं. ६ एप्रिल १९७० रोजी सिनसिनाटीत हृदयविकारानं स्टोक्स गेला. वय ३६. त्याच्या इच्छेप्रमाणे लोरेटोला, कॉलेजच्या आवारातल्या साधूंच्या दफनभूमीत त्याला जागा मिळाली. २००४ मध्ये बास्केटबॉलच्या सन्मान-दालनात त्याचं नाव लागलं, तेव्हा त्याच्या वतीनं तो सन्मान स्वीकारला सत्तरीच्या ट्वायमननं. ट्वायमन २०१२ मध्ये गेला. त्यानंतर व्यावसायिक संघटनेनं सर्वोत्तम सहकारी खेळाडूसाठी पुरस्कार सुरू केला, त्याला या दोघांचीही नावं आहेत.

खेळाचे जाणकार आजही हिशेब मांडतात, की स्टोक्स आणखी दहा वर्षं खेळला असता तर विक्रमांच्या याद्या कशा दिसल्या असत्या. मांडावा त्यांनी. मला मात्र ड्राफ्टच्या त्या दिवसाचा हिशेब राहून राहून आठवतो. रॉचेस्टरच्या लोकांनी स्टोक्सचा खेळ अचूक पारखला. ट्वायमनचीही उंची पाहिली, नेम पाहिला, गुण मोजले आणि त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं. त्यात चूक काहीच नव्हती. पण त्या दिवशी आपण कोणता माणूस निवडला, हे कळायला त्यांना तीन वर्षं लागली.

त्या रात्री मी नातवाला ही सगळी गोष्ट सांगितली. त्याला वाटलं की आजोबा स्टोक्सचे आकडे सांगताहेत, म्हणून तो वही घेऊन बसला आणि भराभर लिहूनही घेतलं. मग त्यानं विचारलं, ट्वायमन रोज रुग्णालयात जायचा का, आणि सामना असेल त्या दिवशी काय करायचा? मला नीट सांगता आलं नाही. पण वहीतला कुठलाच आकडा न विचारता त्यानं हे विचारलं, याचं मला बरं वाटलं. मी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि स्टोक्सच्या नावाखाली ट्वायमनचं नाव माझ्या हातानं लिहिलं.