गुलाबाचा काटा आणि खादाड पेशी

शेतात बाभळीचा काटा पायात मोडला की पुढे काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको. जागा लाल होते, फुगते, रात्रभर ठणका लागतो आणि दोन-तीन दिवसांत पू धरतो. आपण म्हणतो, काटा चिघळला. दीडशे वर्षांपूर्वीचे नावाजलेले डॉक्टरही जवळपास हेच म्हणत. सूज आणि पू हे रोगाचंच काम, अशी समजूत होती. पुवात दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी तर जंतूंना अंगभर पोचवणारे हमाल आहेत, असं बऱ्याच जणांना वाटे.

ही सूज म्हणजे आपल्याच शरीरानं मांडलेली लढाई आहे, हे ठामपणे सांगणारा माणूस डॉक्टर नव्हताच मुळी. तो होता समुद्रातले किडेमकोडे बघत बसणारा प्राणिशास्त्रज्ञ, इल्या मेचनिकॉव्ह. आणि मैत्रिणींनो, जगण्यासाठी शरीर किती धडपडतं हे दाखवणाऱ्या याच माणसानं स्वतः दोनदा जगण्याकडे पाठ फिरवली होती.

इल्याचा जन्म १८४५ चा, खार्कीव शहराजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा तिथे रशियन साम्राज्य होतं, आज तो भाग युक्रेनमध्ये येतो. पोराला डॉक्टर व्हायचं होतं. पण इतक्या हळव्या मनाच्या मुलाला रोग्यांचं दुःख सोसवणार नाही, असं आईला वाटलं आणि तो प्राणिशास्त्राकडे वळला. हुशार एवढा, की चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यानं दोन वर्षांत उरकला. पंचविशीतच ओडेसाच्या विद्यापीठात प्राध्यापकही झाला.

घरात मात्र सुख नव्हतं. १८६९ साली ल्युडमिलाशी लग्न झालं तेव्हाच तिला क्षयानं पोखरलं होतं. लग्नासाठी नवरीला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. हवापालटासाठी तो तिला घेऊन गावोगाव फिरला, पार मादेरा बेटापर्यंत. १८७३ मध्ये तिथेच ती गेली. इल्या पुरता खचला. त्यात डोळ्यांच्या दुखण्यानं सूक्ष्मदर्शकात बघणंही अवघड झालेलं. त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, पण वाचला. त्याच दिवसांत जिनिव्हाच्या पुलावर दिव्याभोवती भिरभिरणारे किडे त्याला दिसले. जेमतेम काही तास जगणारे, काहीच न खाणारे हे जीव निसर्गात टिकतात तरी कसे, हा प्रश्न डोक्यात शिरला. आणि प्रश्न शिरला म्हटल्यावर माणूस पुन्हा कामाला लागला.

दोन वर्षांनी त्यानं ओल्गाशी लग्न केलं. ती त्याच इमारतीत राहणारी शाळकरी मुलगी, त्याच्याकडे प्राणिशास्त्र शिकायला येणारी. आज वाचताना कपाळावर आठी पडते खरी, पण हा संसार शेवटपर्यंत टिकला. १८८० मध्ये ओल्गाला विषमज्वर झाला आणि ती मरणाच्या दारातून परत आली. तोवर विद्यापीठातल्या राजकारणानंही इल्याला वीट आणला होता. १८८१ मध्ये त्यानं पुन्हा तोच विचार केला. पुन्हापुन्हा उलटणाऱ्या तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. मरण आलंच तर निदान शास्त्राला काही कळेल, हा हिशोब. खूप आजारी पडला, पण यातूनही उठला. उठला तो जगण्याची नवी ओढ घेऊनच.

१८८२ मध्ये नोकरी सोडून हे कुटुंब इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना गावी राहायला गेलं. ओल्गाच्या आईवडिलांच्या मागे तिच्या धाकट्या भावंडांची जबाबदारी या दोघांवर होती, तीही पोरं सोबत. समुद्राकाठचं घर आणि दिवाणखान्यातच मांडलेली प्रयोगशाळा. एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली. इल्या एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. समोर होत्या तारामाशाच्या अळ्या, पाण्यासारख्या नितळ, आरपार दिसणाऱ्या. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरत असतात. साध्या प्राण्यांत अशा पेशी अन्नाचे कण गिळून पचवतात, हे त्याला आधीपासून माहीत होतं. एकदम मनात आलं, या पेशी अन्न गिळतात तशा बाहेरून घुसलेल्या शत्रूवरही धावून जात असतील का?

तो बागेत गेला. तिथे मुलांसाठी संत्र्याच्या जातीच्या एका लहानशा झाडाचंच नाताळचं झाड सजवलं होतं. तिथून त्यानं गुलाबाचे काटे आणले आणि त्या इवल्याशा अळ्यांच्या कातडीखाली हळूच खुपसले. रात्रभर त्याला झोप नाही. पहाटे उठून बघतो तो काय, काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता!

यात एवढं काय विशेष, असं वाटेल. विशेष असं, की तारामाशाच्या अळीला आपल्यासारखं रक्त नाही आणि रक्तवाहिन्याही नाहीत. तोवर सूज म्हणजे रक्तवाहिन्यांतला बिघाड, असं मोठे शास्त्रज्ञ सांगत. इथे रक्तवाहिनीच नाही, तरीही पेशी आपल्या पायांनी चालत आल्या. म्हणजे ही जगण्याची मूळ, अतिशय जुनी युक्ती होती. व्हिएन्नात एका प्राध्यापकानं ग्रीक भाषेतून या पेशींना फॅगोसाइट हे नाव सुचवलं, म्हणजे खाणाऱ्या पेशी. पुढे पाण्यातल्या डॅफ्निया नावाच्या पिसवेएवढ्या जिवात बुरशीचे कण आणि पेशी यांची झुंज त्याला दिसली. पेशींनी कण गिळले तर डॅफ्निया जगे, नाहीतर मरे. १८८४ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं.

लोकांना पटलं का? अजिबात नाही. ओडेसात १८८६ मध्ये जंतुशास्त्राची संस्था निघाली, मेचनिकॉव्ह तिचा प्रमुख झाला. पण हा डॉक्टर नाही, म्हणून तिथले डॉक्टर त्याला जुमानेनात. तो बाहेरगावी असताना संस्थेची लस टोचून हजारो मेंढ्या दगावल्या आणि उरलीसुरली पतही गेली. १८८८ मध्ये त्यानं पॅरिस गाठलं. लुई पाश्चरनं आपल्या नव्या संस्थेत त्याला प्रयोगशाळा दिली आणि तो कायमचा तिथलाच झाला. ओल्गाही प्रयोगशाळेत त्याच्या बरोबरीनं उभी राहायची. अशा बायकांच्या कामाला इतिहास मदत म्हणतो, तो भाग वेगळा.

विरोध जर्मनीतून आला. १८९० मध्ये बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी दाखवलं, की रक्तातल्या पाण्यासारख्या द्रवातच घटसर्प आणि धनुर्वाताच्या विषाला निकामी करणारे घटक असतात. मग पेशींची गरजच काय, असा सूर निघाला. फ्रान्स-जर्मनीचं वैरही त्यात मिसळलं. मेचनिकॉव्ह परिषदांमध्ये केस विस्कटून, तावातावानं भांडायचा आणि घरी आला की खचून बसायचा. वीस-पंचवीस वर्षं हे चाललं. १९०३ मध्ये आल्मरॉथ राइट या इंग्रज डॉक्टरनं दोन्ही टोकं जुळवली. रक्तातले काही घटक जंतूंना चिकटतात आणि मग पेशी त्यांना जास्त आवडीनं गिळतात. पानात चटणी असली की भाकरी दोन घास जास्त जाते ना, तसंच! १९०८ चं नोबेल मेचनिकॉव्ह आणि द्रवाच्या बाजूचे पॉल एर्लिक, दोघांना मिळून मिळालं.

पेशींना काट्याचा सुगावा लागतो कसा, हे कोडं मात्र पुढे कितीतरी वर्षं उलगडत राहिलं. जखमी जागेवरून पेशी रासायनिक सांगावे धाडतात आणि त्या वासावर इतर पेशी धावत येतात, हे आज माहीत आहे. जंतू ओळखण्याची जन्मजात यंत्रणा माश्यांपासून उंदरांपर्यंत कशी असते, यावरच्या कामाला २०११ चं नोबेल मिळालं. मेचनिकॉव्हच्या खाणाऱ्या पेशींकडे जग पुन्हा वळलं ते असं.

त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. ओडेसात त्याच्या हाताखाली शिकलेला वाल्देमार हाफकिन तुरुंगाची हवा खाल्लेला, ज्यू म्हणून दारं बंद झालेला. तोही पॅरिसला आला आणि पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात लहानशा नोकरीवर राहिला. १८९२ मध्ये त्यानं पटकीची लस करून आधी स्वतःला टोचली. मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यानं इथेच लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पुन्हा आधी स्वतःच्या अंगावर घेतली. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्याचंच नाव आहे.

उतारवयात मेचनिकॉव्हला म्हातारपणाचं कोडं पडलं. मोठ्या आतड्यातले कुजवणारे जंतू माणसाला लवकर म्हातारं करतात, आणि बल्गेरियातले शेतकरी आंबवलेल्या दुधामुळे दीर्घायुषी होतात, असं त्यानं मांडलं. १९०४ मधल्या त्याच्या व्याख्यानानंतर पॅरिसमध्ये दह्याचं वेड पसरलं, अगदी औषधांच्या दुकानांतूनही ते विकलं जाऊ लागलं. रोज रात्री विरजण लावणाऱ्या आपल्याला याचं हसू येईल. पण इथे तो घाईला आला, हे सांगायला हवं. तो ज्यावर विसंबला होता ते बल्गेरियन दह्यातले जंतू आतड्यात मुक्काम करत नाहीत, असं पुढे दिसलं. आतडंच वाईट म्हणून काही शल्यचिकित्सकांनी रोग्यांची मोठी आतडी कापूनही टाकली. तरी आतड्यातल्या जंतूंचा तब्येतीशी संबंध असतो, हा विचार खोटा ठरला नाही.

मेचनिकॉव्ह स्वतः रोज आंबवलेलं दूध प्यायचा. जगला एकाहत्तर वर्षं. हृदय थकलं होतं. १५ जुलै १९१६ रोजी, महायुद्ध पेटलेलं असताना, पॅरिसमध्ये तो गेला. त्याची रक्षा पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे.

ओल्गा चित्रं काढायची, शिल्पं करायची. त्याच्यामागे तिनं लेखणी हाती घेतली आणि १९२० साली पॅरिसमध्ये त्याचं चरित्र छापून आलं. खुर्चीतून चर्चमध्ये गेलेली ल्युडमिला, जिनिव्हाच्या पुलावरचे किडे, मेसिनाची ती जागून काढलेली रात्र, यातलं बरंचसं आपल्यापर्यंत पोचलं ते तिच्या त्या पुस्तकातून.