विश्लेषण : ‘आय’ आणि ‘एम’ला सारखीच जागा का? टाइपरायटरचे जनक शोल्स आणि ‘रेट्रो’ अक्षरांचे मूळ…

जुन्या संगणकाच्या पडद्याची आठवण करून देणारी जाड, ठाशीव, एकसारख्या रुंदीची अक्षरे सध्या गेम, पोस्टर आणि अ‍ॅपच्या बोधचिन्हांत पुन्हा दिसू लागली आहेत. या ‘मोनोस्पेस’ अक्षरांची ओळख डिजिटल असली, तरी त्यांचे मूळ संगणकाच्या कितीतरी आधीच्या टाइपरायटरमध्ये आहे. तो बाजारात आणणाऱ्यांत अग्रणी होते क्रिस्टोफर लॅथम शोल्स.

कोण होते शोल्स?

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झाला. लहान वयातच ते छापखान्यात उमेदवारी करू लागले. पुढे विस्कॉन्सिनमध्ये ते वृत्तपत्राचे संपादक आणि राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य झाले. त्या राज्यात १८५३ मध्ये फाशीची शिक्षा रद्द झाली, त्या चळवळीत त्यांचा पुढाकार होता. नंतर मिलवॉकी बंदरात ते जकात अधिकारी होते.

आकड्यांवरून अक्षरांकडे…

सॅम्युअल सूल यांच्यासह शोल्स यांनी पानांवर क्रमांक छापणारे यंत्र तयार केले. त्याचे पेटंटही मिळाले. हे यंत्र आकडे छापते, तर अक्षरे का नाही, असा प्रश्न कार्लोस ग्लिडन यांनी उपस्थित केला आणि शोल्स यांच्या डोक्यात नव्या यंत्राने घर केले. १८६७ मधील पहिल्या प्रयोगात तारयंत्राच्या चावीने ‘डब्ल्यू’ हे एकच अक्षर उमटत होते. २३ जून १८६८ रोजी टाइपरायटरचे पेटंट मिळाले. तेव्हा त्याला पियानोसारख्या पट्ट्या होत्या.

अक्षरांची रुंदी सारखी का झाली?

छापखान्यातल्या खिळ्यांत ‘आय’चा खिळा अरुंद आणि ‘एम’चा रुंद असतो. आयुष्यभर छपाईत वावरलेल्या शोल्स यांना हे ठाऊक होते. पण टाइपरायटरमध्ये कळ दाबली की कागदाचा गाडा एका दात्याइतकाच सरकतो. कोणते अक्षर उमटले, हे गाड्याला कळत नाही. त्यामुळे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळाली. मग ‘आय’ला आडवे पाय देऊन पसरवावे लागले, तर ‘एम’ला अंग चोरून बसावे लागले. आज हौसेने निवडली जाणारी ही शैली मुळात यंत्राची अडचण होती.

तिचा फायदाही झाला. अक्षरे आणि आकडे एकाखाली एक नेमके येऊ लागले. एखादा शब्द ठळक करायचा तर त्याच जागी पुन्हा टंकायचे. अक्षर जाड होई, पण ओळीची लांबी बदलत नसे. पुढे टेलिप्रिंटर आणि संगणकाच्या सुरुवातीच्या पडद्यांनी हीच चौकट उचलली. ओळीत ८० अक्षरे, प्रत्येकाला एकच खण. संगणकाच्या आज्ञावली आजही प्रामुख्याने अशाच अक्षरांत लिहिल्या जातात.

यंत्र यशस्वी झाले, शोल्स यांना काय मिळाले?

भांडवलदार जेम्स डेन्समोर यांनी यंत्रात पैसा घातला. लघुलेखक जेम्स क्लिफेन एकेक नमुना वापरून मोडकळीस आणत आणि कठोर दोष कळवत. शोल्स वैतागत, पण सुधारणा करत राहिले. १८७३ मध्ये बंदुका आणि शिलाई यंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. १८७४ मध्ये बाजारात आलेल्या यंत्राची किंमत १२५ डॉलर होती. त्यावर फक्त मोठ्या लिपीतील अक्षरे उमटत आणि टंकताना ओळ दिसतही नसे. १८७८ च्या सुधारित यंत्रात लहान अक्षरे आली आणि हळूहळू खप वाढला.

शोल्स यांनी मात्र हक्कांचा एकरकमी मोबदला घेतला. ही रक्कम साधारण १२ हजार डॉलर सांगितली जाते. डेन्समोर यांनी विक्रीतील वाटा ठेवला आणि खरी कमाई त्यांच्या पदरी पडली.

मराठी टंकलेखनात काय झाले?

ठरावीक अंतराने सरकणाऱ्या गाड्यावर देवनागरी बसवणे सोपे नव्हते. अर्धी अक्षरे जोडून जोडाक्षरे करावी लागली. अक्षरावर बसणाऱ्या काही चिन्हांच्या कळा दाबल्यावर गाडा सरकणार नाही, अशी सोय करावी लागली. १९५५ मध्ये मुंबईत गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या टंकलेखन परीक्षांनी महाराष्ट्रातील अनेकांना नोकरीची वाट दाखवली.

‘क्वर्टी’वर शोल्स समाधानी होते का?

मोबाइलवरील इंग्रजी कळफलकाची ‘क्वर्टी’ मांडणीही शोल्स यांच्याच यंत्रातून आली. यंत्रातील दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती केली, असे सर्रास सांगितले जाते, पण अभ्यासकांत एकमत नाही. स्वतः शोल्स यांनी ती अंतिम मानली नव्हती. क्षयाने ग्रासले असतानाही ते नवनव्या रचना करत होते. १७ फेब्रुवारी १८९० रोजी मिलवॉकीत त्यांचे निधन झाले. त्यांनी आधी केलेल्या अर्जावर १८९६ मध्ये पेटंट मंजूर झाले. त्यातील अक्षरांची मांडणी ‘क्वर्टी’हून वेगळी होती. तोवर मात्र जगाची बोटे जुन्या मांडणीला सरावली होती.