विश्लेषण : होमी भाभांचा अणुऊर्जेतील आंतरराष्ट्रीय देखरेखीला विरोध का होता?

भारतीय अणुकार्यक्रमाचे जनक डॉ. होमी भाभा यांचा २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) व्हिएन्नातील बैठकीसाठीच निघाले होते. ही संस्था घडवण्यात त्यांचा वाटा होता आणि तिच्या अधिकारांना सर्वात ठाम विरोधही त्यांचाच होता. या विरोधाभासामागे काय होते?

भाभा अणुऊर्जेकडे कसे वळले?

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. त्यांची आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरच्यांच्या इच्छेनुसार ते १९२७ मध्ये केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकायला गेले. पदवी मिळवली, पण मन भौतिकशास्त्रात रमले. वैश्विक किरणांवरील संशोधनाने त्यांचे नाव जगभर झाले. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने इथेच राहिले. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करताना परतण्याचा विचार मागे पडला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) उभी राहिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, त्याचे अध्यक्षपद भाभांकडे आले. १९५४ मध्ये अणुऊर्जा खाते निर्माण झाले आणि त्याचे सचिवही तेच झाले.

जिनिव्हा परिषदेचे महत्त्व काय?

डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत शांततेसाठी अणुऊर्जा ही कल्पना मांडली. त्यानंतर ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची पहिली अणुऊर्जा परिषद भरली. तोवर कुलूपबंद असलेली बरीच माहिती अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटनने तिथे खुली केली. परिषदेचे अध्यक्ष भाभा होते. कोळसा आणि तेल जगाला कायमचे पुरणार नाही, गरीब देशांना प्रगतीसाठी अणुवीज लागेल, असे त्यांनी मांडले. हायड्रोजनच्या संमीलनातून मिळणारी ऊर्जा दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल, हे त्यांचे भाकीत मात्र आजही खरे ठरलेले नाही.

मग वाद कशावरून झाला?

१९५६ मध्ये नव्या संस्थेची घटना तयार होत होती. अणुइंधन किंवा तंत्रज्ञान घेणाऱ्या देशावर संस्थेची देखरेख असावी, अशी अमेरिकेची भूमिका होती. भाभांचा आक्षेप साधा होता. ज्यांच्याकडे अण्वस्त्रे आहेत त्यांच्या प्रकल्पांची तपासणी होणार नाही. मदत घेणाऱ्या देशांची मात्र कायम होईल. वापरलेल्या इंधनातून मिळणारे प्लुटोनियम संस्थेच्या ताब्यात गेले, तर त्या देशाचा पुढचा कार्यक्रमच तिच्या मर्जीवर चालेल.

हा प्रश्न भारतासाठी केवळ तत्त्वाचा नव्हता. देशात युरेनियम कमी, पण केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियमचा मोठा साठा आहे. त्यामुळे भाभांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला होता : आधी नैसर्गिक युरेनियमच्या अणुभट्ट्या, मग त्यांतून मिळणाऱ्या प्लुटोनियमवरील भट्ट्या आणि शेवटी थोरियम. प्लुटोनियम हातचे गेले तर थोरियमपर्यंत पोहोचताच येणार नव्हते. अखेर तडजोड झाली. देखरेख राहिली, पण शांततेच्या कामासाठी लागणारे प्लुटोनियम देशाला देखरेखीखाली स्वतःकडे ठेवण्याची मुभा मिळाली. २९ जुलै १९५७ रोजी संस्थेची घटना लागू झाली.

परदेशी मदत त्यांनी नाकारली का?

नाही. मदत घ्यायची, पण हात बांधून घ्यायचे नाहीत, हे त्यांचे धोरण होते. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी भारतीय अभियंत्यांनी बांधली, इंधन ब्रिटनने दिले. ती ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. ४० मेगावॉटची ‘सायरस’ कॅनडाच्या मदतीने उभी राहिली, जड पाणी अमेरिकेचे होते. तिचा वापर शांततेसाठी करण्याची हमी भारताने दिली होती, पण त्यात तपासणीची अट नव्हती. तारापूरला मात्र भाभांना एक पाऊल मागे यावे लागले. समृद्ध युरेनियम अमेरिकेकडूनच येणार असल्याने १९६३ च्या करारात तिथली देखरेख मान्य करावी लागली.

या धोरणाचे पुढे काय झाले?

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली आणि भारतातही बॉम्बची मागणी वाढली. भाभांनी तो पर्याय खुला ठेवण्याच्या बाजूने मत मांडले. दोनच वर्षांत मों ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ विमान कोसळले आणि त्यातील सर्व ११७ जण दगावले. भाभा ५६ वर्षांचे होते. घातपाताच्या चर्चा आजही होतात. फ्रान्सच्या चौकशीत मात्र वैमानिकाचा विमानाच्या स्थानाबाबत गैरसमज झाल्याचे नमूद झाले. पुढच्या वर्षी तुर्भे येथील केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले.

१९७४ च्या पोखरण चाचणीत ‘सायरस’मधील प्लुटोनियम वापरले गेले. भारताने ती चाचणी शांततेसाठी असल्याचे सांगितले, पण कॅनडाने सहकार्य थांबवले. अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी गट करून निर्यातीचे नियम कडक केले. तारापूरच्या इंधनासाठीही भारताला इतर देशांकडे जावे लागले. २००८ च्या भारत-अमेरिका अणुकरारापर्यंत ही कोंडी सुटली नाही. त्या करारासाठी भारताने नागरी अणुभट्ट्या वेगळ्या करून देखरेखीखाली आणल्या, बाकीच्या बाहेर ठेवल्या. कुठे तपासणी मान्य करायची आणि कुठे नाही, ही रेषा आखण्याचा भाभांचा आग्रह त्यांच्यानंतर चार दशकांनीही कायम होता. त्यांनी आखलेल्या तिसऱ्या टप्प्यातील थोरियमची वीज मात्र अजून घराघरांत पोहोचलेली नाही.