दाहामागील लढा ओळखणारा संशोधक

काटा रुतला, की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह म्हणजे शरीराची हानीच, असा समज एकोणिसाव्या शतकातील वैद्यकविश्वात रूढ होता. त्याला धक्का दिला इल्या मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने.

मेचनिकॉफ यांचा जन्म युक्रेनमधील खार्किवजवळ १८४५ मध्ये झाला. तरुण वयातच ते ओडेसा विद्यापीठात प्राध्यापक झाले. मात्र, १८७३ मध्ये पत्नीचे क्षयाने निधन झाले आणि खचून गेलेल्या मेचनिकॉफ यांनी जीवनयात्रा संपविण्याचा प्रयत्न केला. त्यातून ते बचावले. पुढे विद्यापीठातील राजकारणाला कंटाळून त्यांनी १८८२ मध्ये राजीनामा दिला आणि सिसिलीतील मेसिना गाठले.

तेथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. या जिवाला रक्तवाहिन्याच नसतात; तरीही पेशी धावून आल्या होत्या. म्हणजेच, दाहाचे मूळ पेशींच्या प्रतिकारात आहे, हे त्यांनी ताडले. जंतू गिळणाऱ्या या पेशींना 'भक्षक पेशी' हे नाव मिळाले.

जंतूंचा नाश पेशी नव्हे, तर रक्तद्रवातील घटक करतात, असे मानणाऱ्या जर्मन संशोधकांनी त्यांना कडवा विरोध केला. मेचनिकॉफ १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले आणि हा वाद लढत राहिले. अखेर १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि रक्तद्रवाचे पुरस्कर्ते पॉल एर्लिश यांना विभागून मिळाले. दोन्ही बाजूंत तथ्य होते. मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे मेचनिकॉफ यांचेच ओडेसातील विद्यार्थी होत.

पॅरिसमध्ये १९१६ साली मेचनिकॉफ यांचे निधन झाले. पेशींना सांगावा नेमका कोण धाडतो, याचा उलगडा बराच नंतर झाला. १९५७ मध्ये इंटरफेरॉनचा शोध लागला. पुढे इंटरल्यूकिनसारखे रेणू सापडले. जंतूची चाहूल लागताच भक्षक पेशी असे रेणू सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, इतर पेशी सक्रिय होतात, ताप चढतो. हे संकेत वेळेत थांबले नाहीत, तर मात्र शरीरच होरपळते. संधिवातात आणि २०२० पासून कोविडच्या गंभीर रुग्णांत हेच दिसून आले. इंटरल्यूकिन-६ चा संकेत रोखणारे औषध या दोन्ही आजारांत उपयोगी पडले.