एडगर कॉड : माहितीला तक्त्यात बसवणारे गणितज्ञ



शाळेचा निकाल, बँकेचं खातं, दुकानाचं बिल, अशी बरीच माहिती आज संगणकात तक्त्यांच्या रूपात साठवलेली असते. या पद्धतीचा पाया घालणारे एडगर फ्रँक कॉड यांची ओळख आज करून घेऊया.

बालपण आणि शिक्षण

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडमधील पोर्टलंड बेटावर झाला. वडिलांचा चामड्याच्या वस्तूंचा व्यवसाय होता आणि आई शिक्षिका होती. सात भावंडांत ते धाकटे. ऑक्सफर्डला त्यांनी गणित आणि रसायनशास्त्र शिकलं. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते.

१९४८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि आयबीएम कंपनीत प्रोग्रामर झाले. पुढे चाळिशी ओलांडल्यावर, १९६५ मध्ये, त्यांनी मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. शिकायला वय आड येत नाही, हे मुलांना जरूर सांगा.

मोठं काम

त्या काळी माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठवत. एखादी नोंद हवी असेल तर कुठल्या फांदीवरून कुठे जायचं, हे प्रोग्रामरला ठाऊक असावं लागे. साठवणीची रचना बदलली की प्रोग्रामही बिघडत.

१९७० मध्ये कॉड यांनी एका शोधनिबंधात वेगळा मार्ग दाखवला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवा आणि तक्ते सामाईक रकान्याने जोडा. आपलंच उदाहरण घ्या. एका तक्त्यात जनरल रजिस्टर नंबर आणि विद्यार्थ्याचं नाव, दुसऱ्यात तोच नंबर आणि गुण. नंबर जुळला की निकाल तयार! आत माहिती कशी ठेवली आहे, याची चिंता वापरणाऱ्याने करायची नाही.

पण आयबीएमचा जुन्या पद्धतीवर चांगला धंदा चालला होता. त्यामुळे घरच्याच कल्पनेला कंपनीने लवकर हात दिला नाही. कॉड मात्र आपलं म्हणणं मांडत राहिले. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तक्त्यांच्या नावावर काहीही विकलं जाऊ लागलं, तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी खऱ्या प्रणालीची कसोटी ठरवणारे नियमच जाहीर केले. १८ एप्रिल २००३ रोजी त्यांचं निधन झालं.

तक्ता किती मोठा?

कॉड यांच्या गणितात तक्ता कितीही मोठा असू शकतो. यंत्राला मात्र मर्यादा असते. आतली रचना वापरणाऱ्यापासून झाकलेली असल्यामुळे ही मर्यादा त्याला आपसूक दिसत नाही. म्हणूनच ती कुणीतरी लिहून ठेवावी लागते.

पोस्टग्रेएसक्यूएल या मोफत प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत असा तक्ताच दिला आहे. एका तक्त्यात जास्तीत जास्त १६०० रकाने, तेही नोंद एका पानात मावली तर. नेहमीच्या मांडणीत एक तक्ता ३२ टेराबाइटपर्यंत वाढू शकतो. रकान्याचं नाव ६३ बाइटपर्यंत. इथे मराठीचा संबंध येतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, पण देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन लागतात आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणजे फक्त २१ चिन्हं! ‘विद्यार्थी’ या एका शब्दातच त्यातली १० संपतात.

नोंदींना अनुक्रमांक देणारा साधा पूर्णांकही २,१४,७४,८३,६४७ वर थांबतो. शाळेला तो जन्मभर पुरेल, पण रोज कोट्यवधी नोंदी करणाऱ्या यंत्रणेचं काम एखाद्या दिवशी अडू शकतं. म्हणून मर्यादा आधी वाचायची, तक्ता मग आखायचा.

वर्गात करून पाहा

मुलांना वहीत दोन तक्ते आखायला लावा आणि सामाईक रकाना शोधायला सांगा. मग विचारा, वहीच्या एका पानावर किती ओळी मावतील? उत्तर तक्त्याखाली लिहून घ्या. संगणक नसला तरी कॉड यांचा धडा मुलांना नीट समजेल.