शेतसाऱ्याचा हिशेब मागणारे बाबासाहेब

भंडारा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आधी राज्यघटना आठवते. पण सरकारची तिजोरी कोण भरतो आणि तो पैसा जातो कुठे, हा त्यांच्या अभ्यासाचा पहिला विषय होता. आणि याच माणसानं आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची निवडणूक लढवली होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू इथं त्यांचा जन्म झाला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि जमाखर्च तपासला. प्रांतांच्या तिजोरीवरचं त्यांचं पुस्तक १९२५ मध्ये लंडनला छापलं गेलं. ते त्यांनी सयाजीरावांना अर्पण केलं.

पुस्तकातलं दुखणं आजही ओळखीचं वाटेल. १८३३ नंतर सगळा पैसा वरच्या सरकारच्या हाती गेला. खर्च प्रांत करायचे, पण तो भरून काढायची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. मग काटकसर कोण करणार? मीठ आणि शेतसारा यांचा भार गरिबावर पडत होता. लष्कर आणि प्रशासनाला भरपूर, शाळा आणि कालव्यांना मात्र थोडं, अशी वाटणी होती.

१९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी हाच मुद्दा लावून धरला. प्राप्तिकरात कमी कमाईवाल्याला सूट मिते, जास्त कमावणाऱ्याला दर चढा लागतो. शेतसाऱ्यात तसं काहीच नाही. एकरभर जमीनवाला आणि मोठा जमीनदार एकाच दरानं भरतात, पीक बुडालं तरी भरावंच लागतं. हा न्याय कसला, असा त्यांचा सवाल होता.

म्हणून सरकार लहान असावं, असं काही ते म्हणत नव्हते. १९४७ च्या निवेदनात तर मुख्य उद्योग, विमा आणि शेतजमीन सरकारकडे असावी, अशी त्यांची मांडणी होती. सरकारनं काम मोठं करावं, पण कर ऐपतीप्रमाणे घ्यावा आणि पैशापैशाचा हिशेब द्यावा, एवढं त्यांचं सरळ म्हणणं. म्हणूनच हिशेब तपासणारा महालेखापरीक्षक त्यांना घटनेतला सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी वाटत होता.

१९५४ मध्ये भंडाऱ्यात पोटनिवडणूक लागली. जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब हरले. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

त्यांचा प्रश्न मात्र गावात रोजचाच आहे. घरपट्टी, पाणीपट्टी आपण भरतो. ग्रामसभेत जमाखर्च वाचला जातो, तेव्हा किती जण बसून ऐकतो?