खेजडलीची अमृतादेवी

गणपतीला आपण शमीची पत्री वाहतो. पुष्कळ घरी ती बाजारातून पुडीत येते. झाड कुणी पाहिलेले नसते. याच शमीला मारवाडात खेजडी म्हणतात. तिच्यासाठी प्राण देणाऱ्या एका बाईची हकिकत मी मंडळातील भगिनींसाठी लिहीत आहे.

अमृतादेवी जोधपूरजवळच्या खेजडली गावची. पतीचे नाव रामोजी; मुली तीन, आसू, रत्नी आणि भागू. घराणे बिश्नोई. हा पंथ जांभोजींनी १४८५ साली स्थापला. त्याचे नियम एकोणतीस. हिरवे झाड तोडू नये व जीवमात्रावर दया करावी, हे त्यांतलेच. हे नियम नुसते सोवळ्याओवळ्याचे आहेत असे मला वाटत नाही. वाळवंटात ज्या बाईला चूल पेटवायची, तिला ते लगेच पटावेत. उन्हाळ्यात सारे रान करपते तेव्हा खेजडी हिरवी असते. पाला शेळ्याउंटांना, शेंगा (त्यांना तिकडे सांगरी म्हणतात) वाळवून भाजीला, सावली चिंकाऱ्यांना. बुंध्याभोवती बाजरीही पिकते. झाड गेले की घरातले दूधही आटले!

१७३० साली महाराज अभयसिंहांना नवा महाल बांधायचा होता. चुन्याच्या भट्ट्यांना लाकूड हवे, म्हणून दिवाण गिरधरदास भंडारी याची माणसे कुऱ्हाडी घेऊन खेजडलीस आली. तिथी भाद्रपद शुद्ध दशमी. म्हणजे आपल्याकडे गणपतीचे दिवस. अमृतादेवी आडवी आली. पैसे दिल्यास तिचे झाड सोडू, असे सुचविण्यात आले. धर्माला कमीपणा येईल म्हणून तिने ते नाकारले आणि झाडाला मिठी मारली. कुऱ्हाड चालली. मागोमाग तिन्ही मुली पुढे झाल्या आणि त्याही गेल्या. आई समोर पडलेली असताना त्या पोरींना पळून जावेसे वाटले नसेल काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बातमी पसरली तशी आसपासच्या गावांतून माणसे येऊन झाडांना बिलगू लागली. एकूण ३६३ जीव गेले, त्यांत बायाही होत्या. महाराजांना कळले तेव्हा तोड थांबली, आणि बिश्नोई गावांत झाड तोडू नये, शिकार करू नये असा हुकूम निघाला. हुकूम चांगला; पण तो ३६३ माणसांनंतर निघाला.

१९८३ साली खेजडी हा राजस्थानचा राज्यवृक्ष ठरला. भाद्रपदातल्या त्या दशमीला खेजडलीस दरवर्षी मेळा भरतो. आणि आई मेलेल्या हरणाच्या पाडसाला स्वतःच्या अंगावर पाजणाऱ्या बाया बिश्नोई घरांतून आढळतात.